बूच

ब्रनोच्या त्या तिसऱ्या मजल्यावर
मी झ्दिस्लावाच्या दातांत बाटलीचं बूच द्यायचे,
ती आडवी, पोटावर जाडजूड शब्दकोश,
आणि म्हणायचे, ढकल. अजून ढकल.
सूर काय आयता येतो का?

माझ्या वेळी ह्रुबेशसरांनी
माझी जीभ चमच्याने दाबून धरली होती.
दुखलं म्हणजे शिकलो, हा तेव्हाचा हिशेब.
तोच मी पुढे दिला,
सासूने सुनेला पाटल्या द्याव्यात तसा.

तिचा घसा बसला. मी म्हटलं, तापतोय.
रक्ताची चव येते, ती म्हणाली.
मी म्हटलं, उद्या आठला ये.

मग डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं:
दोन पांढुरक्या कडा, मिटता मिटता अडणाऱ्या,
दोन्हींवर तांदळाच्या कणीएवढी गाठ.
एवढंसंच असतं ते.
मी कधी पाहिलंच नव्हतं,
तीस वर्षं शिकवत होते.

परवा औषधांच्या दुकानात काउंटरमागे तीच.
खोकल्याच्या गोळ्या दिल्या, सुटे मोजले.
आतून कुणी काहीतरी बोललं
आणि ती हसली,
मान सैल, जबडा सैल,
आवाज अलगद तिथे जाऊन टेकला
जिथे तो यावा म्हणून मी सहा वर्षं
बूच कोंबत होते.

सुटे घ्यायचे राहिले.

घरी जिन्यात जांभई आली, येऊ दिली.
तिच्या शेपटाला धरून एक सूर आला,
जरा घोगरा.
दुसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याने
कान टवकारले.