उधारीची वही

ऑर्विल, दार लावून घे, वारा थेट कॅनडातून येतोय.
कॉफी आहे. बस त्या बटाट्यांच्या पोत्यावर,
खुर्च्या सगळ्या जिममध्ये नेल्यात, तुझ्याच सभेसाठी.

ऐकलं मी रेडिओवर तुझं बिस्मार्कचं भाषण
पीठ मळता मळता.
सरकार नोकऱ्या देत नाही, म्हणालास,
फार तर वाटेतून बाजूला होऊ शकतं.
फुकटचं अंगी लागत नाही, म्हणालास,
आणि पोराला जेवू घालणं हे बापाचं काम,
राजधानीचं नव्हे.
आवाज बरा लागला होता. खोकला गेला वाटतं.

खोटं कशाला बोलू, निम्मं पटलं.
मागल्या वर्षी शेगडी बदलायची तर
चौदा पानांचा फॉर्म आला,
त्यात नवव्या पानावर प्रश्न:
शाळेपासून समुद्र किती मैल?
समुद्र! नॉर्थ डकोटात!
मी लिहिलं, तुम्हीच मोजा.

आणि वेल्डिंगचा तो वर्ग,
कुणाला न विचारता काढलास स्वतःच्या शेडमध्ये,
गॅसच्या पहिल्या सहा टाक्या पदरमोड करून.
माझा भाचा ट्रेंट, ज्याला अपूर्णांक कधी कळले नाहीत,
आज पवनचक्क्यांच्या पोटात चढतो
आणि माझ्या दुप्पट कमावतो.
मत तुलाच दिलं होतं मी.
पुढेही देईन, बहुतेक.

पण ही वही बघ.
डाव्या पानावर नावं, उजवीकडे जेवणाची उधारी.
मे महिन्यात एक पाकीट आलं दाराखालून,
सहाशे तेरा डॉलर जुन्या नोटांत
आणि वरचे चाळीस सेंट
कागदावर टेपने चिकटवलेले.
सेंट टेपने चिकटवणारा माणूस
या गावात एकच आहे, ऑर्विल.

नावं विचारली नाहीस. बरं केलंस,
मीही सांगणार नाही.
एवढंच सांगते, त्यातली दोन पोरं
तुझा बीटचा ट्रक चालवणाऱ्याची आहेत.
बाप पहाटे चारला उठतो.
कामचुकार म्हणायची सोय नाही.

थोरली तिसरीत आहे.
आता रांगेत येतच नाही. भूक नाही म्हणते
आणि नळावर जाऊन दोनदा पाणी पिते.
वही मी खणात ठेवते, कुलपात.
तरी ज्याचं नाव चढतं
त्याला ती दिसते.

शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे बघावं म्हणतोस.
बघतोसच तू. पण एकाहत्तरीचा आहेस,
हृदयाची झडप डुकराची बसवलेली.
उद्या तू गेलास तर टेप कोण चिकटवणार?
आणि पलीकडच्या काउंटीत,
जिथे ऑर्विल ट्वेटन नाहीच मुळी?

तुझ्या वडिलांच्या गोठ्यात पहिला दिवा लागला
तेव्हा गाय दचकून बादली लवंडली,
दर चार जुलैला सांगतोस, दर वेळी हसतो आम्ही.
ती तार कुणाच्या पैशाने आली
ते काही त्या गोष्टीत येत नाही.

माहीत आहे, माहीत आहे. कर्ज होतं.
पै न् पै फेडलं.
हो, पस्तीस वर्षांत.
तितका धीर कुणीतरी धरला ना?

असू दे. तोंड पाडू नकोस.
मी स्वयंपाकीण, मला कायदा कळत नाही,
मला एवढं कळतं की सव्वाअकराला घंटा होते
आणि दोनशे आठ ताटं लागतात.

जेवणार आहेस? बटाट्याचं हॉटडिश आहे.
पैसे ठेव त्या डब्यात, तू ठेवल्याशिवाय राहायचा नाहीस.
चार डॉलर पंचवीस.
थांब, सुटे देते.

मतदान गुरुवारी ना?
रस्त्यावर बर्फाखाली काच झालीये, हळू चालव.
आणि उठताना ते पोतं
नीट उभं कर.