रकाना

सकाळी आठला मी फळ्यासमोर उभी राहते.
पांढरा फळा, सहा रकाने, एक लाल मार्कर, एक हिरवा.
मथळे वर कानडीत, खाली इंग्रजीत,
आकडे तेवढे माझ्या हातचे.
बंगळूरहून आलेल्या सल्लागारानं विचारलं होतं,
हा पाच आहे की वाकलेला खिळा?
तेव्हापासून पाच मी इंग्रजी काढते.

टनेज. रिजेक्शन. वेळेत गेलेला माल.
टनामागं वीज. अपघाताविना दिवस.
सहाव्या रकान्याला अजून नाव नाही,
तिथं कुणीतरी पंक्चरवाल्याचा नंबर लिहून ठेवलाय.

भरमाणी हुंदरे फेटलिंगला होता, बत्तीस वर्षं.
येळ्ळूरहून सायकलीनं उद्यमबाग,
राजहंसगड पाठीशी घेऊन.
प्रत्येक नगाला बारकी हातोडी मारायचा
आणि मान कलती करायचा,
भिंतीपलीकडचं भांडण ऐकावं तशी.
खण्ण आलं तर पुढं. भद्द आलं तर बाजूला.
"तडा दिसत नाही, मामा."
"दिसत न्हाई, खरं बोलालाय की त्यो."

बाजूला पडलेले मी मोजायची.
सहा टक्के. सहा पूर्णांक दोन. लाल.
सोमवारच्या मीटिंगला हुक्केरीसाहेब त्या आकड्याकडं
ताटातल्या केसाकडं बघावं तसे बघायचे.

सल्लागारानं घड्याळ लावलं:
नगामागं अकरा सेकंद,
आणि ऐकणं कुठल्याच रकान्यात बसेना.
मार्चअखेर भरमाणीला शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
जागा भरली नाही.

एप्रिल चार. मे दोन पूर्णांक एक.
जूनमध्ये हिरवा मार्कर संपला, नवा मागवला.
साहेबांनी कुंद्याचे डबे वाटले.
मला सर्टिफिकेट, त्यावर आडनाव चुकलेलं.
मी ते घरी टीव्हीवर लावलं तरीही.

ऑगस्टात राजकोटहून ट्रक आला. भरलेला. आपल्याच मालानं.
चारशे चाळीस पंपांची घरं,
पाण्याच्या दाबाखाली उकललेली.
फळ्यावर कुठं लिहू?
गेलेला माल तर वेळेत गेला होता.

जेवणाच्या सुट्टीत मी यार्डात गेले, स्टोअरमधला पाना घेऊन.
न फुटलेले दोन-तीन वाजवून पाहिले.
सगळे सारखेच वाजत होते,
किंवा सगळे वेगळे, मला काय कळतंय.

जुन्या मस्टरात नंबर सापडला. सुनेनं उचलला.
"मामंजींना अलीकडं ऐकू कमी येतंय, जोरात बोला."
बत्तीस वर्षं ग्राइंडरच्या शेजारी.
तोही आकडा कुणी धरला नव्हता.

मी जोरात बोलले. यार्डातली कुत्री उठली.
पलीकडं खोकला, मग त्याचा आवाज,
"फोन लोखंडाजवळ धर. हाण."

हाणलं.

बराच वेळ काहीच नाही, खानापूर रोडचे ट्रक तेवढे.

"परत हाण."