तीन वाजेपर्यंत

बँकेतल्या यंत्राला वन्संचा अंगठा पटेना.
रेघा झिजल्यात, म्हणाला पोरगा,
हयातीचा दाखला तीननंतर बघू.
तोवर काय करायचं दोघींनी, भर दुपारी?
देवासहून आलेल्या नणंदेला घेऊन
मी रिक्षा लालबागेकडे वळवली.
चाळीस वर्षं इंदुरात, पण मीही तो आतून पाहिलेला नव्हता.

तिकिटाच्या खिडकीशी भांडण : पैसे कोण देणार.
आत गार. संगमरवरी खांब, सोनेरी पायांच्या खुर्च्या
आणि प्रत्येक खुर्चीवर आडवी दोरी.
"बसू द्यायचं नाही तर मांडल्या कशाला?"

छतावर ढग. ढगांत गुबगुबीत उघडी पोरं,
पाठीला पंख, हातात फुलांच्या माळा.
कुणीतरी महिनोन्‌महिने उताणं पडून रंगवली असतील,
डोळ्यांत रंग ठिबकत.
एकाच्या पोटावर ओल उतरून नकाशा झालाय,
त्यात नर्मदेसारखी एक रेघ.
"लंगोट तरी घालायचा," म्हणाल्या,
आणि मान अवघडेपर्यंत बघत राहिल्या.
त्यांचं तिसरं, पाळण्यातच गेलेलं,
असंच वळ्यावळ्यांचं होतं म्हणे.
हे मला ह्यांनी सांगितलेलं. त्यांनी कधीच नाही.

नाचघरात स्टुलावर पेंगत गेंदालाल पहारेकरी.
जमीन लाकडाची. खाली स्प्रिंगा आहेत, म्हणाला,
साहेब-मडमा रात्रभर नाचायचे, पाय दुखू नयेत म्हणून.
"खरंच?"
त्याने इकडेतिकडे पाहिलं, दोरी उचलली.
"माताजी, दो मिनिट. मैं तो छत देख रहा हूँ."

वन्संनी पदर खोचला.
मला वाटलं, नुसता पाय टेकवून बघतील.
त्यांनी हात पुढे केले, मनगटं एकावर एक,
फुगडीचे.
माझ्या मंगळागौरीला मागितले होते हेच हात,
माझे घामेजले होते, मी दिले नाहीत.
तिथून पुढे आमचं जे काही झालं ते झालं.

गुडघे चार, त्यातले दोन स्टीलचे.
एक गिरकी. दीड.
टाचेखालून काहीतरी, अगदी हळू,
तव्यावर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं
आम्हांला वर देत होतं.
गेंदालाल छतावरची पोरं मोजत होता.

रिक्षात धाप. अंगठा पदराला पुसला,
पुन्हा पुसला, उन्हात धरून पाहिला.
मग म्हणाल्या,
"डाव्या कोपऱ्यातली एक स्प्रिंग कुरकुरते गं.
सांगायला हवं होतं त्याला."