दोन मार्क

परिपत्रक आलं तेव्हा वर्गात एकही कंपास नव्हता,
म्हणून मुलींनी हातातल्या बांगड्या काढल्या
आणि ड्रॉइंग शीटवर ऑलिंपिकची वर्तुळं गिरवली.
पाचवी बांगडी रुबिनाच्या बहिणीची, लग्नातली,
म्हणून पाचवं वर्तुळ जरा ऐसपैस आलं.
खाली तीन शब्द: मैत्री, आदर, उत्कृष्टता.
शेवटचा तीनदा खोडून लिहिला.

मी गणिताची. धकाते सर रिटायर झाले
आणि खेळाचा तास माझ्या गळ्यात पडला.
पाचपावलीच्या त्या मैदानात एक खांब विजेचा,
दुसरा खांब म्हणून आम्ही देवांशला उभं करायचो.
तो कधीकधी शिंकायचा.

जानेवारीत खो-खो रंगलेला.
मी पंच, आणि माझं लक्ष
गेटवरच्या बोरंवालीकडे.
चैताली पराते पळता पळता थांबली.
"मॅडम, लागला हात. मी आऊट."
कुणी म्हणजे कुणीच पाहिलं नव्हतं.
तिचा संघ एका गुणाने हरला.
मी टाळ्या वाजवल्या, चार्टकडे बोट केलं,
तिचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं.
शनिवारपर्यंत कुणी पुसलं नाही.

मग घटक चाचणी. अपूर्णांक.
पेपर वाटले, डबे उघडले,
तशी ती टेबलापाशी आली, तोंडात घास:
"मॅडम, बेरीज चुकली तुमची. दोन जास्त देल्ले."
चाळीसपैकी चौदा म्हणजे पास.
बारा म्हणजे घरून सही आणणं,
आणि त्या घरात सही कशी मिळते
हे मला तिच्या मोठ्या भावापासून ठाऊक.

लाल पेनाचं टोपण मी लावून टाकलं.
म्हटलं, राहू दे गं, जेव जा.
म्हटलं, दोन मार्कांनी काय होतं.
ती हलली नाही.
"तिथं तं टाळ्या वाजवल्या तुमी.
मंग इथं काऊन जा म्हनता?"

कूलरच्या बंद खिडकीतून वारा येत होता,
चार्टचा सुटलेला कोपरा भिंतीवर टकटक करत होता.
मी चौदा खोडले. बारा लिहिले. शेजारी सही केली.
बावीस वर्षांत इतकी वाकडी सही माझ्या हातून झाली नव्हती.

तिने पेपराची घडी डब्याखाली दाबली,
उरलेली पोळी रुबिनाला दिली,
आणि बसल्या जागेवरून ओरडून विचारलं,
"मॅडम, फेरपरीक्षा कधी हाय?"
आपला डाव कधी, असं विचारतात ना,
तसं.