अंगठ्याला कुलूप

रेशनच्या मशीनला माझा अंगठा पटत नाही.
केळीचा चीक, बारा वर्षांचा,
रेषांत काळा बसलाय.
दुकानदार म्हणतो, पुसा, परत ठेवा, पुसा.

आणि हाच अंगठा म्हणे
कुठल्याशा शहरात जाऊन
फ्रीज घेऊन आला, हप्त्यावर.
वसुलीवाल्याने फोनवर वाचून दाखवलं:
जैतून रुबाब तडवी, मुक्काम सावदा.
जन्मतारीखसुद्धा बरोबर,
जी शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजाने टाकलेली.

सेतूवरच्या भोजराजने
स्क्रीनवर कुलूप लावलं.
आता तुमचं बोट कुठेच चालायचं नाही, मावशी,
रेशनलाही नाही. लागलं की या, उघडून देतो.
किल्ली काही हातात दिली नाही.
मोबाइलवर एक आकडा आला, गेला.

दुपारी पुन्हा शेडमध्ये.
फण्या धुतल्या, खोक्यात भरल्या,
एकेकीवर कंपनीचं स्टिकर दाबलं
ह्याच अंगठ्याने.

रात्री वाटलं,
तिच्याकडे, त्या दुसऱ्या जैतूनकडे,
दार उघडलं की आत दिवा लागत असेल.
काय ठेवत असेल?
केळी तर नाही ना.
काळी पडतात.