अठरा मिलिमीटर

रविवारी सकाळी, पवननगरच्या अभ्यासिकेत
पठाडे सर खोट्या मुलाखती घेतात.
खोट्या हा शब्द त्यांचाच.
फळ्यावर मात्र लिहिलेलं असतं:
मुलाखत सराव. साडेनऊ. उशीर चालणार नाही.

मी एम.एस्सी., रसायनशास्त्र, एकोणसत्तर टक्के.
त्रेचाळीस अर्ज. उत्तरं सहा.
त्यातली चार आपोआप आलेली,
खाली बारीक अक्षरात: या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.

सर कुठल्याच कंपनीत साहेब नव्हते.
सातपूरच्या एका कारखान्यात, टाइम ऑफिसला,
गेटजवळच्या खिडकीत एकतीस वर्षं.
केबिनमधून सुटलेली पोरं
पास परत करायला तिथं थांबायची
आणि न विचारता सांगायची, आत काय विचारलं ते.
"मी फक्त बाहेर येणारे चेहरे वाचले," सर म्हणतात.
"निवड झालेला माणूस पास द्यायला विसरतो."

माझ्या कागदावर त्यांचं बोट एका जागी थांबलं.
दोन हजार एकवीस ते तेवीस.
"हे काय?"
"गॅप, सर."
"ते दिसतंय. गॅपमध्ये तू कुठं होतीस?"

मी हळू बोलले, कारण शेजारी तेजल गुजराथी बसली होती,
तिचा कागद इस्त्री केल्यासारखा.
पिंपळगावला, सर. द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये.
आईचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा.

जानेवारीत पहाटे पाचला टेम्पो यायचा.
डोक्याला जाळीची टोपी, हातात कात्री,
आणि भोकं पाडलेली प्लॅस्टिकची पट्टी.
अठराच्या भोकातून सहज गेला की मणी बाद.
दहाव्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, तू सायन्सवाली ना?
मग रिफ्रॅक्टोमीटर माझ्याकडे आला.
रसाचा एक थेंब, काच, उजेडाकडे डोळा:
सोळा. साडेसतरा. पुन्हा सोळा.
वहीत अक्षर माझं, सही दुसऱ्याची.
एकदा मी अख्खी गाडी थांबवली होती, सर,
गोडी भरली नव्हती म्हणून.

सरांनी पेन काढलं, माझ्यापुढं सरकवलं.
"लिही. गुणवत्ता तपासणी. रोज किती पेट्या?"
"नऊशे. कधी बाराशे."
"तेही लिही. आकडा असला की माणूस खुर्चीत नीट बसतो."

लिहिलं. आणि खरं सांगू, मला राग आला.
दोन हिवाळे उललेली बोटं
एका ओळीत इतकी स्वच्छ मावतील
असं वाटलं नव्हतं.
"आणि कात्री, सर? कात्री कुठं लिहू?"
सर हसले नाहीत.
"विचारली तर सांग. विचारतीलच असं नाही."

गुरुवारी अंबडला, औषधांच्या कंपनीत.
टेबलामागं तिघं. झाकलेलं पाणी.
"हं, हर्षाली गांगुर्डे. स्वतःबद्दल सांगा."
घोकलेलं सगळं जिभेच्या टोकाशी होतं,
पण आधी हातच वर गेला,
अंगठा नि तर्जनी, मधे जरासं अंतर.
"एवढा," मी म्हणाले.
मधल्या बाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला,
आणि म्हणाल्या, "काय एवढा?"

मग वीस मिनिटं गेली. का पंचवीस.

गेटवर वॉचमननं हात पुढं केला.
पास माझ्या लक्षात होता.
दिला.
आणि तिथंच उभी राहून, त्यानं न विचारता,
त्याला सांगत सुटले, आत काय विचारलं ते.