ओल वजा करून

मैंदर्गीच्या पुढे डांबर संपतं
तिथे मंडळीची जीप थांबते.
काटा मीच उतरवतो.
दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालत नाही मला.
एकतीस वर्षं गिरणीच्या सूतखात्यात
हेच केलं : आकडीला बोचकं, काट्याला डोळा,
आणि खणखणीत आवाजात आकडा.
गिरणी गेली. आवाज राहिला.

मी चर्चचा नाही.
पूर्व भागातला, मार्कंडेयाच्या देवळामागचा.
अलीशिबाबाई रणभिसे घरी आल्या
आणि म्हणाल्या, काटेवाला पाहिजे,
पोरांचं वजन करायचंय, शनिवारी.
चहा प्याल्या, पैशाचं बोलल्या नाहीत.
मीही नाही.

चैत्र. लिंब मोहरलेला,
त्याच फांदीला काटा.
झोळी अडकवायची, मग काटा शून्यावर आणायचा.
हे बाईंना कधी समजलं नाही :
झोळीचं वजन पोराच्या नावावर टाकायचं नसतं.

पहिल्या दिवशी सवयीनं ओरडलो,
“सहा चारशे, माल हलका!”
आया हसल्या. एक नाही हसली.
तेव्हापासून नुसता आकडा.

शिवेचा दगड लिंबापासून चाळीस पावलांवर.
त्यावर शेळी बसलेली असते,
मागचे पाय कर्नाटकात.
पलीकडच्या बाया दगडापाशी थांबायच्या,
पोर कडेवर, पदर दातांत,
बघायच्या झोळीकडे.
वहीत रकाना होता : गाव, तालुका.
त्यावरूनच गूळ-शेंगांचे पुडे यायचे, मोजून.
“आपल्याच हद्दीतली,” बाई म्हणायच्या,
आणि पेनचं टोपण लावायच्या, काढायच्या.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी
निंगव्वा सरळ चालत आली.
विचारलं नाही काही. झोळीत नात ठेवली
आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “एष्ट ऐती री?”
माझी आई बाजारात म्हणायची, “एंत?”
मी मराठीत सांगितलं.
पाच दोनशे. आठ महिन्यांची पोरगी.
गिरणीत असं बोचकं आलं असतं
तर मुकादमाला बोलावलं असतं मी.

बाई वहीकडे बघत राहिल्या.
ड्रायव्हर शमुवेल उगाच बॉनेट उघडून उभा.
मग बाईंनी गावाच्या रकान्यात लिहिलं : लिंबाखाली.
तालुका कोरा ठेवला.
स्वतःच्या डब्यातली भाकरी शेंगाचटणीसकट
निंगव्वाच्या ओच्यात घातली,
आणि माझ्यावर खेकसल्या, “पुढचं घ्या की!”

त्यानंतर लिंबाखालची पोरं वाढत गेली वहीत.
अकरा, मग एकोणीस.
पुडे पुरेनात. जीपमध्ये परतताना
बाई काही तरी पुटपुटायच्या,
प्रार्थना असेल, हिशेब असेल.
मी विचारलं नाही.

काल निंगव्वा उशिरा आली.
ऊन इतकं, की काट्याची कडी हाताला भाजत होती.
पोरगी झोळीत बसली
आणि मुतली.
टिपटिप माझ्या चपलेवर.

गिरणीत सूत दमट असलं
तर ओल वजा करायचो आम्ही,
पावसाळ्यात शेकडा किती ते पाठ होतं मला.
पाच चारशे ऐंशी.
बाईंचं पेन थांबलेलं.
त्यांना एकदा सांगितली होती ही ओलीची गोष्ट.
“किती धरू, कोंडा?”

काटा हलत होता अजून.
स्थिर झाल्याशिवाय मी आकडा देत नाही, कुणालाच.
निंगव्वा माझ्या तोंडाकडे बघत होती,
काट्याकडे नाही.

“पाच चारशे ऐंशी,” म्हटलं. “तसंच लिहा.”

मग झोळी सोडून झटकली.
मोहोर पडला होता तळाशी, चिमूटभर.
दोन ग्रॅम असेल, नसेलही.
पुन्हा शून्यावर आणला काटा.